सासूबाईंचा शेवटचा झगा

माझ्यासारख्या माणसाने लाल सॅटिनचा झगा घालून भर रस्त्यातून धावावं का, या प्रश्नाचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. मी श्रेव्हपोर्टच्या पाणीपुरवठा खात्यात उपमुख्य निरीक्षक आहे. आमच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवायचा मान माझ्याकडे आहे, आणि माझा पट्टा आणि बूट नेहमी एकाच रंगाचे असतात. पण माझी सासुरवाडी पडली न्यू ऑर्लिन्सची. त्या गावात सभ्य माणसाला कुणी सुखाने सभ्य राहू देत नाही.

ऑगस्टात आम्ही गेलो होतो ते सासूबाईंना बघायला. मिस फिलोमीन. सगळी गल्ली त्यांना असंच म्हणते, मी ममा म्हणतो. त्या ईस्टरपासून मरायला टेकल्या होत्या. डॉक्टरांच्या मते त्यांना काहीही झालेलं नव्हतं. खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं होतं, हाड जुळलं होतं, रक्तदाब माझ्यापेक्षा बरा होता. पण सासूबाईंनी ठरवलं होतं. ज्या बाईच्या हातचा गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, ओरपायला मिळावा म्हणून फादर प्रवचन आवरतं घ्यायचे, तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकणं बंद केलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देणारं एक मंडळ आहे, त्यांचा डबा रोज यायचा आणि जसाच्या तसा परत जायचा. माझी बायको ओडील फोनवर आईशी बोलली की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि रडायची. मी पाणीपुरवठ्यातला माणूस. नळ कशासाठी सोडलाय ते मला आवाजावरून कळतं.

मरणाची तयारी मात्र सासूबाईंनी झकास केली होती. बँड ठरवला होता. शवपेटी उचलणारे निवडले होते, त्यातला एक जण डावा पाय ओढत चालतो म्हणून रद्दही केला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झगा. लाल सॅटिनचा, गळ्याला काळी लेस असलेला, पायघोळ. फार वर्षांपूर्वी बायकांच्या कार्निव्हल मंडळाने त्यांना राणी केलं होतं तेव्हाचा. त्या काळी सासूबाई चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या. आता तो त्यांच्या अंगावर नुसता लोंबला असता. पण त्याचाही त्यांनी विचार केला होता.

"मागून टाचण्या लावा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला कोण पाठ दाखव म्हणतंय?"

भेटायला येईल त्याला कपाट उघडून तो झगा दाखवला जाई, आणि बघणाऱ्याने काहीतरी चांगलं बोलावं अशी अपेक्षा असे. मी म्हटलं, "छान आहे, ममा. ऐसपैस दिसतोय." ओडीलने मला असा चिमटा काढला की तो आठवडाभर हिरवानिळा होता.

आता माझा मेव्हणा न्यूमा. हा दरवर्षी लाल झग्यांच्या दौडीत भाग घेतो. या दौडीत बाई असो की बुवा, लाल झगा घातल्याशिवाय कुणाला धावू देत नाहीत, आणि जमलेली वर्गणी धर्मादाय कामाला जाते. यंदाची जाणार होती ती त्याच घरपोच जेवणवाल्यांना, कारण त्यांची गाडी चढ आला की ढकलावी लागत होती. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी न्यूमाच्या नावावर वर्गणी कबूल केली होती. आणि न्यूमा दौडीच्या दोन दिवस आधी घरासमोरच्या खड्ड्यात पडला. तो खड्डा इतका जुना आहे की गल्लीतले लोक पत्ता सांगताना त्याची खूण देतात. तरी पडला.

"लिनवुड, माझ्या राजा," प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून तो मला म्हणाला, "तुला फक्त धावायचंय."

"झगा घालून?"

"मग काय टाय लावून?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिस अर्लीन आत आल्या. मिस अर्लीन आमच्या सासुरवाडीच्या शेजारीण. घर एकच, मधे भिंत, या बाजूला आम्ही आणि त्या बाजूला त्या. त्यामुळे इथलं कुठलंही बोलणं त्यांना पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

"मांड्यांना कॉर्नस्टार्च लाव, बाळा," त्या म्हणाल्या. "घासलं की मग रडशील." या गावात कुणीही कुणालाही बाळा म्हणतं. सत्तावन्न वर्षांच्या निरीक्षकालाही म्हणतात. "आणि झग्याची काळजी सोड. माझा चर्चच्या गायकवृंदातला झगा देते तुला. लालभडक आहे."

तो झगा घेऊन मी शुक्रवारी नावनोंदणीला गेलो. टेबलामागे एक जाड मिशांचा गृहस्थ बसला होता. अंगात बिनबाह्यांचा लाल फ्रॉक, गळ्यात मोत्यांची माळ, नाकावर चष्मा, हातात शिक्का. त्याने मिस अर्लीनचा झगा दोन बोटांत धरून उजेडात नेला.

"हा किरमिजी आहे."

"लालच आहे हो."

"उन्हात ये, बाळा. हे बघ. किरमिजी." त्याने शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्यालाही बोलावलं. त्याने फ्रॉकची झालर सावरत येऊन बारकाईने पाहिलं आणि मान हलवली. "किरमिजीच. शिवाय हा झगा नाही, डगला आहे. आणि तू न्यूमा नाहीस. न्यूमा देखणा आहे."

नियमाला धरून चालणारा माणूस मला एरवी फार आवडतो. त्याने मोत्यांची माळ घातलेली नसावी, एवढीच माझी अपेक्षा असते. बऱ्याच विनवण्यांनंतर न्यूमाच्या जागी मला धावायची परवानगी मिळाली. पण छातीवरचा नंबर न्यूमाच्याच नावाचा राहणार होता, आणि झगा अस्सल लाल नसेल तर सुरुवातीलाच बाहेर काढणार होते. गावातल्या दुकानांत माझ्या पोटाच्या मापाचा लाल झगा उरला नव्हता. जो उरला होता तो एका दुकानदारीणबाईंनी माझ्या अंगाला लावून पाहिला आणि परत घडी घालून ठेवला.

शनिवारी सकाळी सासूबाईंना त्यांच्या भाचीने गावातल्याच जेंटिली भागात बहिणीकडे नेलं. बहिणीचा वाढदिवस होता. "जाते, शेवटची भेट समजून," असं म्हणून त्या गाडीत बसल्या. संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या. गाडी वळली तशी ओडील आत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

"ओडील," मी म्हटलं, "नको."

"दुसरा आहे का?"

"अगं, तो ममाचा शेवटचा..."

"मला ठाऊक आहे तो कशासाठी ठेवलाय." तिने झगा प्लास्टिकमधून काढून माझ्यासमोर धरला. "ममा यायच्या आत हा होता तसा कपाटात परत गेला पाहिजे. डाग नाही, चुरगळ नाही, वास नाही."

"घाम येणार की गं मला."

"येऊ द्यायचा नाही."

ऑगस्टात न्यू ऑर्लिन्समध्ये माणसाला घाम येऊ नये, असं ती गंभीरपणे म्हणत होती. मग एकदम तिने झगा छातीशी धरला. "लिनवुड, उद्या खरंच काही झालं तर मी तिला घालू काय? एवढी एकच गोष्ट तिने मागितलीय." मी हात वर केले आणि तिने झगा वरून घातला. वाईट बातमी अशी की तो मला बेतल्यासारखा बसला.

दौड म्हणतात तिला, पण धावत कुणीच नव्हतं. हजारो लाल झगे एका दारूच्या दुकानातून दुसऱ्या दारूच्या दुकानाकडे हळूहळू सरकत होते. छातीवर केसांचं जंगल असलेले बाप्ये लाल जाळीदार फ्रॉकमध्ये एकमेकांना मिठ्या मारत होते. प्रत्येक कोपऱ्यावर बिअर, आणि ती पिण्यापेक्षा उडवण्याकडे लोकांचा ओढा जास्त. मी दोन्ही हातांनी झगा उचलून धरला आणि तुंबलेल्या गटाराची पाहणी करायला उतरतो तसा पावलं टाकत निघालो. त्या चालीचा मला नोकरीमुळे सराव आहे.

एका घराच्या गॅलरीतून एक आजीबाई धावणाऱ्यांना गार वाटावं म्हणून नळीने पाणी मारत होत्या. मी रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर उडी मारून निसटलो. एक अनोळखी माणूस मिठी मारायला आला, त्याला मी हात जोडले. कुणी बँड वाजवायला लागलं की या गावात सगळे विचार न करता त्याच्या मागे नाचत जातात. मी मात्र गेलो नाही; पाय हलले, ते मी कबूल करतो. अर्धीअधिक दौड संपली तरी झगा कोरा होता. ओडीलने मला असं पाहायला हवं होतं, असं वाटून ऊर भरून आला.

आणि नेमका त्याच कोपऱ्यावर पावाच्या दुकानाचा वास आला.

आता हे मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं मी या गावचा जावई आहे. इथला लांबुळका पो'बॉय पाव, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि त्यात ठासून भरलेलं मांस किंवा मासळी, याच्यासाठी मी श्रेव्हपोर्टहून एवढा प्रवास दरवर्षी तक्रार न करता करतो. सासूबाईंचं प्रेम आहेच, पण पावही आहे. मी ठरवलं, कोरडा खायचा. आत शिरलो, गर्दीतून वाट काढली आणि गल्ल्यावरच्या बाईंना ओरडून सांगितलं, "रोस्ट बीफ! रस्सा नको!" माझ्यामागे त्याच क्षणी कुणीतरी तुतारी फुंकली. बाईंना पहिला अर्धाच भाग ऐकू गेला.

"नटवून, बाळा?" त्यांनी विचारलं.

पावात सॅलडची पानं, टोमॅटो, लोणचं आणि मेयॉनीज घातलं की तो पाव 'नटला' असं इथे म्हणतात. हे मला झोपेतही ठाऊक आहे, आणि झोपेतही मी बरोबर उत्तर दिलं असतं. पण अंगात सासूचा झगा असलेल्या माणसाचे कान वेगळे होतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नटलोय ना!" मी गरजलो. "दिसत नाही का? पायापासून गळ्यापर्यंत नटलोय! अजून काय नटायचं बाकी राहिलंय?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चिडतोस कशाला? छान दिसतोयस," त्या म्हणाल्या आणि आत वळून ओरडल्या, "एक रोस्ट बीफ! पुरतं नटवून! रस्सा वरून!"

पाव समोर आला तेव्हा तो परत करायला हवा होता. मान्य. पण कागदातून वाफ येत होती आणि सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. इथले लोक खातात तसा मी वाकलो, कोपरं गल्ल्यावर, पाय मागे, झगा दूर. पहिला घास घेतला. पावाचं कवच कडकन फुटलं, मागून तो मिरी घातलेला, शिजून शिजून रेषारेषा झालेला माल तोंडात उतरला, आणि मी डोळे मिटले. देवाशपथ सांगतो, तेवढे काही घास मला ना झग्याची आठवण होती ना मरणाची.

तेवढ्यात नंबरावरचं नाव वाचून कुणीतरी आनंदाने पाठीत जोरदार थाप मारली. "शाब्बास न्यूमा!"

पावाचा तळ सुटला. रस्सा, मेयॉनीज आणि टोमॅटोची एक चकती असं सगळं मिळून माझ्या, म्हणजे सासूबाईंच्या, छातीवर उतरलं. दुकानातले सगळे झगे माझ्याभोवती गोळा झाले आणि सल्ले सुरू झाले.

"सोडा ओता, सोडा!"

"मीठ चोळा आधी!"

"व्हिनेगर! माझी आई व्हिनेगरच लावायची!"

"बिअरने सगळं निघतं," असं जिने सांगितलं तिच्या फ्रॉकचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. पण तोवर सोडा, मीठ आणि व्हिनेगर आधीच लावून झालं होतं, मग बिअरने काय पाप केलं होतं? तीही लावली. डाग तळहाताएवढा होता तो पोटभर झाला आणि त्याला कडेने पांढरी किनार आली.

आणि तिथे अवतरला तो नावनोंदणीवाला मिशाळ. मोत्यांच्या माळेसकट. त्याने चष्मा सावरून डाग पाहिला आणि म्हणाला, "सोपं आहे. लालावर लाल घालायचं."

समोरच बर्फाच्या गोळ्यांचं दुकान होतं. चेरीचं सरबत लाल, झगा लाल, सगळीकडे सारखं घातलं की डाग उरतोच कुठे? तर्क बिनतोड होता. निदान त्या उन्हात तसा वाटला. मी दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि त्याने काळजीपूर्वक, एकही जागा न सोडता, गळ्यापासून सुरुवात करून बाटली रिकामी केली. मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"किरमिजी दिसतोय," तो म्हणाला.

मी काही बोलणार तेवढ्यात पहिली गांधीलमाशी आली. मागून तिचं सगळं कुटुंब आलं. यापुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की त्या दिवशीच्या अख्ख्या दौडीत खरोखर धावलेला मी एकटाच. मी बँडला मागे टाकलं, झगा घातलेल्या एका कुत्र्याला मागे टाकलं, पाठीची शिवण टर्रकन फाटली ती थांबून पाहिलीसुद्धा नाही. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा माझ्या गळ्यात पदक घातलं गेलं आणि भोंग्यावरून न्यूमाचं अभिनंदन झालं. जेवणाच्या गाडीपुरती वर्गणी जमली असंही कानावर आलं. सगळे टाळ्या वाजवत होते तोवर मी तिथून काढता पाय घेतला.

घरी मी मागच्या बोळातून गेलो. ओडील बोळाच्या तोंडाशीच उभी होती. तिने झगा पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ममा आलीय."

"आत्ताच? कशी?"

"मावशीशी भांडून. मावशी म्हणाली, तब्येत छान दिसतेय तुझी."

पळून जावं असं मनात आलं, पण त्या झग्यात जाणार कुठे? तेवढ्यात भिंतीपलीकडे राहूनही सगळं आधी समजणाऱ्या मिस अर्लीन पुढच्या ओसरीवरून ओरडल्या, "आला गं, फिलोमीन! अगं बाई, काय अवतार केलाय याने!"

मी ओसरीसमोर जाऊन उभा राहिलो. सासूबाई डुलत्या खुर्चीत बसल्या होत्या. न्यूमाने प्लास्टरचा पाय हळूच मागे घेतला, जणू सगळा दोष त्याचाच आहे, आणि तो होताच. फाटक्या पाठीतून वारा लागत होता. चेरीचं सरबत गुडघ्यावरून ओघळत होतं.

"ममा," ओडील म्हणाली, "मीच दिला त्याला. माझी चूक आहे." आणि ती रडायला लागली, या वेळी नळ न सोडता.

सासूबाईंनी बोटाने मला जवळ बोलावलं. झग्याचा घेर दोन बोटांत धरला. काळी लेस उचलून पाहिली, ती लोंबत होती. मग वाकून छातीवरचा डाग हुंगला. परत हुंगला.

"कोपऱ्यावरच्या दुकानातला ना रस्सा?"

"हो, ममा."

"वाटलंच मला. लसूण घालताना हात आखडतात मेले. आणि मिरी जाळतात." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ओडील, रडणं थांबव आणि मला सांग. आता मी मरू कशात?"

यावर उत्तर कुणाकडे होतं? मिस अर्लीनकडे होतं. "मिस झेनोबीकडून नवा शिवून घे की," त्या म्हणाल्या.

"झेनोबी अजून आहे?"

"आहे तर काय. पण हातात कार्निव्हलचे कपडे आहेत तिच्या. ते झाल्याशिवाय ती कुणाचं काही घेत नाही. तू राणी होतीस तरी नाही घेणार."

"कार्निव्हल म्हणजे पुढचा फेब्रुवारी..." सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. भुवया वर गेल्या. हा सगळा उशीर माझ्यामुळे होणार, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तोवर मला थांबावं लागणार."

"थांबावंच लागणार, ममा," ओडील घाईघाईने म्हणाली. "दुसरा इलाजच नाही."

"काय करायचं. असा जावई मिळाल्यावर." त्या काठी टेकून उठल्या. "याला आधी त्यातून बाहेर काढा, मुंग्या लागतील. आणि घरात लसूण आहे का? त्या रश्शाचा वास डोक्यात बसलाय, करून बघितल्याशिवाय जायचा नाही." आणि ईस्टरनंतर पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात गेल्या.

ओडील माझ्या गळ्यात पडली. चिकट, फाटक्या, व्हिनेगरचा वास मारणाऱ्या मला तिने असं घट्ट धरलं की आम्हाला सोडवायला नंतर पाणी लागलं. मला इतकं हायसं वाटलं की मी ओसरीच्या पायरीवर बसून पदकासकट ढसाढसा रडलो. उपमुख्य निरीक्षकाने असं करू नये. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि न्यूमाला सासूबाई सांगत होत्या की कांदा असा चिरतात का.

सोमवारी मिस झेनोबी नुसतं माप घ्यायला आल्या, शिवणार होत्या कार्निव्हलनंतरच. म्हाताऱ्या, तोंडात टाचण्या धरलेल्या, घाईत. त्यांनी सासूबाईंच्या कमरेला टेप लावली आणि आकडा पाहून त्या चुकचुकल्या.

"तो आकडा धरू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "चांगला चार बोटं सैल ठेव. मला अजून अंग धरायचंय."